चार वाजताचा शब्द

"हॅलो? … हो, दुर्गाबाईंचाच नंबर. मी त्यांचा नवरा, मनमोहन… कोण, आनंदीबाई? अहो, बोला ना."

ठाकूरद्वारच्या त्या घरात दुर्गाबाईंचा फोन सहा महिन्यांनी वाजला होता. त्या गेल्यावरही मनमोहन तो रोज चार्ज करत. परळच्या एका हॉस्पिटलात आया असलेल्या आनंदीबाईंना दुर्गाबाई रोज दुपारी चारला फोनवर एक इंग्रजी शब्द शिकवायच्या.

"भरणार नाही म्हणजे? … क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म ना? आज शेवटचा दिवस… पाचला खिडकी बंद… मग रांगेतून बाहेर का आलात?"

आनंदीबाईंचं म्हणणं सरळ होतं. बाई गेल्या, शब्द थांबले, येत होतं तेही विसरलं. सरावाच्या पेपरात पहिल्याच ओळीला अडल्या. आता फॉर्म फाडून अँटॉप हिलला घरी जायचं, पण आधी बाईंच्या घरी सांगावं म्हणून फोन.

"फाडू नका. कुठल्या शब्दाला अडलात? … स्पेलिंग सांगा… रिकूप. थांबा, डिक्शनरी घेतो… हां. गेलेलं भरून काढणं… काय? … हो, हो, चुकलं माझं."

दुर्गाबाई अर्थ कधी आयता द्यायच्या नाहीत. एक वाक्य सांगायच्या, त्यावरून अर्थ समोरच्याने काढायचा आणि मग त्या दिवशीचं आपल्या घरातलं वाक्य करायचं. नऊ वर्षं बाजूच्या खुर्चीत बसून मनमोहननी हे ऐकलं होतं, आणि पहिल्याच शब्दाला विसरले.

"बरं, अर्थ गेला तोंडून. वाक्य तरी तुमचं करा… पेपरातलं नको, घरातलं… सून? … बाळंतपणात पार गळून गेली होती… आळीव, डिंकाचे लाडू… आज स्वतः उठून चहा केला? वा. मग म्हणा, शी रिकूप्ड हर स्ट्रेंथ… अजून एकदा… बसला की शब्द."

"नाही, नवीन काही मिळालं तर नाही वापरत. आधी गमवावं लागतं. ताकद, पैसे, वेळ… माणूस?"

मनमोहननी डिक्शनरीतल्या त्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं.

"माणसाला नाही लावत, आनंदीबाई… नाही, मी बघितलं. पण सहा महिन्यांना लावता येतो. परीक्षेला अजून तीन महिने आहेत ना? रोज तीन शब्द घेऊ… मी, आणखी कोण? तिच्याइतकं नाही येत मला. पण ऑफिसात तीस वर्षं इंग्रजी पत्रंच टाईप केली… हसा, हसा. चुकलो तर ओरडा, मघाशी ओरडलात तसं."

पलीकडे रांगेतला गलका पुन्हा जवळ आला.

"हॅलो? … उभ्या राहिलात? पुढे किती माणसं? … चारच ना, मग होईल… फॉर्मवर काय विचारलंय? इंग्रजी कोणाकडे शिकलात… लिहा, दुर्गा मनमोहन त्रिलोकेकर… अहं, कैलासवासी नको. नुसतं नाव… खाली अजून जागा आहे?"

त्यांनी डिक्शनरी मिटून मांडीवर ठेवली.

"मग तिथे माझं घाला… हो, हो, आडनाव तेच. द्या आता आत."

आनंदीबाईंनी फोन ठेवला.