खिशातली फ्लॉपी आणि दोनशे सात नंबर

…अन् वरून मलेच विचारते, "अच्युतभाऊ, तुमी एवढे कावून चिडून राहिले?" आता चिडू नाही तं काय आरती ओवाळू त्याची? तुमाले सांगतो, या शामसुंदरनं… नाही, थांबा, आधी शामसुंदर कोण ते सांगतो, नाही तं तुमी म्हणान कोणी मोठा सायंटिस्ट आहे!

आमचं इथं भिलाईत वधू-वर मंडळ आहे. मी तिथला चिटणीस, अन् तिथलाच उमेदवार. वर क्रमांक अठ्ठेचाळीस. वय एक्केचाळीस, स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क, क्वार्टर आहे, स्कूटर आहे… हसू नका! तं त्र्याण्णव साली मंडळात कॉम्प्युटर आला, अन् शेजारच्या दुर्ग शहरात तीन महिन्यांचा कोर्स केलेला हा शामसुंदर झाला कॉम्प्युटर प्रमुख. शर्टाच्या खिशात फ्लॉपी! लोकांले दिसावी म्हणून अर्धी बाहेर! अर्ज मशीनमध्ये भरला का कागद रद्दीत. मी म्हणलं, "अरे, राहू दे नं कागद." तं कसं हसला माहीत आहे? "भाऊ, कोणत्या जमान्यात राहता? बॅकअप आहे नं!"

बॅकअप आहे नं! जसा काही यानं गंगा आणली सेक्टरमध्ये!

आता गेल्या महिन्यात काय झालं, आमच्या अध्यक्षा सिंधुताई मले म्हणाल्या, "अच्युत, वधू क्रमांक दोनशे सात. शाळेत शिकवते, वय छत्तीस. अपेक्षा काय लिहिली आहे, तर माणूस ऐकून घेणारा असावा. तिनं तुझ्या नंबरवर खूण केली आहे. रविवारी मेळाव्यात बोला." मी म्हणलं, नाव? तं म्हणे, "मेळाव्याआधी नाव नाही. नियम म्हणजे नियम." बरं बावा, नियम. पण अकरा वर्षं झाली यादीत, अकरा! माझ्या नंबरवर खूण पहिल्यांदा झाली. घरी जाऊन रडलो मी, खोटं कशाले बोलू? नवा शर्ट शिवायले टाकला.

अन् मेळाव्याच्या आधीच्या सोमवारी कॉम्प्युटर बोलायले लागला. कट्… कट्… कट्… कोणी आत बसून सुपारी कातरून राहिलं जसं! मग पडदा काळा. हार्ड डिस्क गेली. दोनशे दहा नावं आत! अन् हा? हा शीळ वाजवून राहिला! "फिकर नॉट. बॅकअप आहे नं! दर शनिवारी घेतो." मी म्हणलं, कुठं घेतो? तं त्याच मेल्या डब्ब्यावर हात ठेवते, "यातच. अलग डिरेक्टरी बनवली आहे!"

अरे, घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कोणी कुलूप लावते का?

मग आठवली खिशातली फ्लॉपी. रायपूरहून दुसरी हार्ड डिस्क आणली, फ्लॉपी टाकली, घर्र घर्र झालं, अन् नावं आली! सिंधुताईंनी पेढे वाटले. मी मात्र खाली खाली पाहून राहिलो… एकशे एकतीसवर यादी खतम! "दोनशे सात कुठं आहे?" तं फ्लॉपी कॉम्प्युटरच्या उद्घाटनाच्या दिवशी भरलेली, त्र्याण्णवची, तीन वर्षं जुनी! तेव्हापासून नुसती खिशात मिरवून राहिला! मी बोंबललो, या यादीवरून मेळाव्याची पत्रं पाठवू नका! सिंधुताई म्हणाल्या, "बुधवारी पत्रं जातात. नियम म्हणजे नियम." गेली.

रविवारी कोण आलं सांगू? लग्नं झालेले! एका नवरा-बायकोले दोन अलग अलग निमंत्रणं, बायको विचारते, "यांना पुन्हा कशाला बोलावलं?" एक आजोबा कडेवर नातू घेऊन, "माझ्या पोरीचं तुमीच जमवलं नं? आता काय, दुसरं?" अन् हा माइकवर, "डेटा एकदम ओके आहे!" मी नवा शर्ट घालून चारपर्यंत दाराजवळ बसलो. दोनशे सात कशी येईल? तिले पत्रच नाही गेलं! तिले वाटलं असन, यानं बोलावलंच नाही. सिंधुताईंले विचारलं, नाव आठवते का? "नंबर आठवतो रे. दोनशे सात."

आता सिव्हिक सेंटरच्या बाजारात शेंगदाणे घेतो तं पुडी उलगडून वाचतो. रद्दीचं काय सांगता येते?

अन् काल हा आला. "भाऊ, यादी तपासून द्या, चुका दुरुस्त करू." तपासली. एकशे तीस नावं चूक. लग्नं झाली, बदल्या झाल्या, दोघं तं वारले. एकच नोंद बरोबर निघाली. क्रमांक अठ्ठेचाळीस, अविवाहित. फक्त वय अडतीस दाखवून राहिलं. शामसुंदर म्हणे, "भाऊ, तेवढं एक्केचाळीस करू का?"

मी म्हणलं, "राहू दे बावा. बॅकअप आहे नं."