आबांच्या फुल्या

पेशंट ऐकत नाहीत म्हणता, पण आमचे चंदगडचे आबा फारच ऐकायचे. कोल्हापूरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात किरण कुठून आणि किती द्यायचे, याचं गणित मी मांडायचो. त्याप्रमाणं आबांच्या पोटावर शाईच्या फुल्या मारल्या आणि दम दिला, "या पुसल्या तर किरण भलतीकडं जातील."

रविवारी गावी जाऊन आले. सोमवारी शर्ट वर केला, तर फुल्या हिरव्या.

"जत्रंत गोंदून घेतल्या की. आता पुसतील कशा?"

मी कपाळाला हात लावला. फुल्या मात्र अगदी जागेवर होत्या.

पुढं गाठ आटली. मी म्हटलं, "आबा, आता थोड्याच जागेवर किरण द्यायचे. फुल्या बदलाव्या लागतील."

आबांनी शांतपणे शर्ट खाली घेतला. "मग थांबा की सायब. गोंदणारीण आता पुढच्या जत्रंलाच येती."