दंडावर मारू नका

जबाब देणार: नाव वर नोंदल्याप्रमाणे, वय ५१ वर्षे, व्यवसाय रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ, राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, मी सदर रक्तपेढीत सव्वीस वर्षे नोकरी करते. माझ्यासोबत ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. हे काम मला त्यांनीच हाताला धरून शिकवलं.

आज सकाळी अकराच्या सुमारास प्रसूती वॉर्डातून एका बाईचं सॅम्पल आलं. तिसरं बाळंतपण, बाळ ठीक, पण बाईचा रक्तस्राव थांबवायला ऑपरेशन करावं लागलं आणि अंगात रक्त जेमतेम उरलं. गट बी पॉझिटिव्ह. या गटाच्या चौदा पिशव्या आमच्या फ्रिजमध्ये होत्या. पिशवी देण्यापूर्वी आम्ही तिच्यातला थेंब आणि रुग्णाचं सिरम एका नळीत घालून पाहतो. थेंब सुटा राहिला तर पिशवी चालते. गुठळी झाली तर तीच पिशवी त्या रुग्णाला विष. चौदाच्या चौदा नळ्यांत गुठळ्या झाल्या.

मग तिचं सिरम तपासणीसाठी ठेवलेल्या अकरा वेगवेगळ्या माणसांच्या पेशींशी लावून पाहिलं. तिथेही तेच. सुट्या राहिल्या त्या फक्त तिच्या स्वतःच्या पेशी. म्हणजे जवळपास सगळ्यांच्या रक्तात असणारी एक गोष्ट हिच्या रक्तात नाही, आणि आधीच्या बाळंतपणांत हिच्या शरीराने त्या गोष्टीविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवली आहे. असं रक्त बाहेर शोधायला चार दिवस लागतात. सख्ख्या भावंडात ते मिळण्याचा संभव चारात एक. डॉक्टर म्हणाले, तिच्यापाशी संध्याकाळपर्यंतचा वेळ आहे.

२:२० वाजता मी खिडकीशी जाऊन तिच्या भावाला बोलावलं. वय अंदाजे ३४, वेल्डर. बाईला तो एकच भाऊ. मी म्हटलं, "तुमचं रक्त तपासायला द्या." तो म्हणाला, "समोर फ्रिज भरलाय की. बी पॉझिटिव्ह लिहिलेलं मला वाचता येतं. आणि वर माझं मागता?" मी म्हटलं, "ते तिला चालत नाही, आधी ऐकून घ्या." तो म्हणाला, "सकाळपासून ऐकतोच आहे." काचेतून भरलेला फ्रिज दिसतो आणि आत बसलेली बाई नाही म्हणते, हे बाहेरच्याच्या डोक्यात शिरत नाही. ते मला ठाऊक आहे. मी आणखी नीट सांगायला हवं होतं की नाही, याचा विचार मी आज खूप केला.

तो दाराला खांदा लावून आत आला. काका आडवे आले. टेबलावरचा नळ्यांचा लोखंडी स्टँड उचलून त्याने काकांच्या तोंडावर मारला. चष्म्याची काच डोळ्यात गेली. काका खाली बसले आणि "नळ्या सांभाळ" असं मला म्हणाले. त्याने फ्रिज उघडून पिशव्या शर्टात कोंबल्या. मी फ्रिजच्या दारात हात घातला. त्याने ते दार माझ्या उजव्या मनगटावर दोनदा आपटलं. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नळ्या फिरवायचं मोठं यंत्र त्याने ढकलून पाडलं. दोन पिशव्या फुटल्या आणि त्याच रक्तावरून पाय घसरून तो पडला. तो प्यायलेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

सुरक्षारक्षक आणि दोन लिफ्टवाले धावत आले. त्यांनी त्याला काठीने आणि लाथांनी मारलं. मी म्हटलं, "दंडावर मारू नका, मला शीर हवी आहे." बाकी कुठे मारू नका असं मी म्हटलं नाही, हे खरं आहे.

मग मी त्याच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "त्या पिशव्यांनी तुमची ताई गेली असती. तुमचं रक्त कदाचित चालेल. द्याल?" तो म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "सांगत होते." त्याने बाही वर केली. ओठ फाटला होता, रडत होता. मी डाव्या हाताने सॅम्पल घेतलं. २:५० ला तुमचे हवालदार आले. त्याला लगेच नेऊ नका म्हणून त्यांना मीच थांबवलं. तक्रारीला उशीर झाला तो यामुळे.

नळ्या फिरवायचं जुनं लहान यंत्र कपाटात होतं. नळ्या खिडकीवरच्या कारकुनाने धरल्या. मध्येच डोळ्यांच्या विभागातून निरोप आला की काकांचा उजवा डोळा राहणार नाही. ३:४५ ला मी शेवटची नळी उजेडात धरली. थेंब सुटा होता, एकही गुठळी नाही. वेळ रजिस्टरमध्ये लिहिली.

वॉर्डाचा फोन माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो मी ३:५० ला उचलला. मधल्या पाच मिनिटांत मी दुसरं काही काम केलं नाही. माझ्या मनात आलं की हे कोणालाच सांगू नये. काकांचा डोळा गेला, तर याचंही काही जाऊ दे. मला तेव्हा त्याचा इतका राग होता की बाळंतीण बाई मला दिसतच नव्हती. मग वरच्या मजल्यावर एक मूल रडायला लागलं. तिचंच होतं असं काही नाही.

पुढे त्याची पिशवी घेतली, तातडीच्या तपासण्या केल्या. सख्ख्या भावाचं रक्त किरणांच्या यंत्रातून काढल्याशिवाय देता येत नाही, तेही केलं. ५:०५ ला पिशवी लावली. बाई शुद्धीवर आहे. तिचा नवरा मला म्हणाला, "त्यानेही रक्त दिलं ना ताई, आता फिट्टंफाट." फिट्टंफाट झालेली नाही. रक्त त्याने बहिणीला दिलं, डोळा काकांचा गेला. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

जबाब वाचून दाखवताना साहेब म्हणाले, "बाई, ती पाच मिनिटं वगळतो, त्याचा वकील त्यावरून तुम्हालाच धरील." मी म्हटलं, धरू दे. जे सांगितलं तेच लिहिलं आहे, मी ते ऐकलं आहे, आणि पाच मिनिटांसकट ते खरं आहे.