खंड सतरा, अंक तिसरा

मी मूळचा धर्मापुरीचा, परळी तालुका. आमच्या गावात जुनं देऊळ आहे, लहानपणी त्याच्या भिंतीवरल्या मूर्ती मोजायची मला खोड होती, रोज मोजायचो आणि रोज आकडा वेगळा यायचा, वडील म्हणायचे हे पोरगं कारकून होणार बघा. तसंच झालं म्हणा. आंबाजोगाईला बी.ए. केलं, मग ग्रंथालयाचा कोर्स केला आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागलो, नियतकालिक विभागात. विद्यापीठाचं नाव लिहू नका, चूक विद्यापीठाची नाही, माझी आहे.

नियतकालिक म्हणजे काय सांगू तुम्हाला, पुस्तकाचं बरं असतं, आलं, नंबर टाकला, फळीवर ठेवलं, संपलं. नियतकालिक संपत नाही. ते दर महिन्याला येतं, नाहीतर तीन महिन्यांनी येतं, उशीर करतं, नाव बदलतं, बंद पडतं, दोन वर्षांनी परत उठून बसतं. आमच्याकडं एक लोखंडी कपाट होतं, त्यात चपटे खण, खणात एकेका नियतकालिकाचं कार्ड आणि कार्डावर चौकोन. अंक आला की त्याच्या चौकोनात पेन्सिलीनं खूण करायची, अंकावर शिक्का मारायचा आणि मांडणीवर ठेवायचा. वर्षाचे अंक जमले की बाइंडिंगला जायचे, बांधून परत आले की पेन्सिलीच्या खुणेवर शाई फिरवायची. म्हणजे शाई असली तर बांधलेला खंड फळीवर आहे, आणि नुसती पेन्सिल असली तर अंक आलाय पण सुटा आहे, नाहीतर बाइंडरकडं आहे. हे नीट लिहा, कारण माझं सगळं पाप ह्यातच आहे.

त्याच दिवसांत महानंदा आली. वडवणीची, वाण्याची पोरगी, बापाचं किराणा दुकान. वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करत होती, टारफुल्यावर. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळाला लागून तिचा रस पिणारं तण, आपल्याकडं कुणाला सांगायला नको. त्यावर एका लहानशा परदेशी नियतकालिकात लेख येणार हे तिला कळलं होतं, आणि ते आमच्याकडं येत होतं. रोज दुपारी यायची आणि दारातूनच विचारायची, सर, अंक आला का. मी म्हणायचो, अगं तो बोटीनं येतोय, विमानानं नाही. ती म्हणायची, तुमी परळीकडचे लोक, तुमाला कशाचीच घाई न्हाई. एक दिवस आला. खंड सतरा, अंक तिसरा. शिक्का मारला, कार्डावर खूण केली आणि माझ्या ह्या हातानं तिला दिला. झेरॉक्स मशीन बंद होतं, म्हणून माझ्या समोरच्या टेबलावर बसून तिनं तीन दिवस तो लेख हातानं उतरवून घेतला, तक्ते पट्टी लावून आखले.

मग आलं ते संगणकाचं. एक्क्याण्णवनंतर रुपया पडला, परदेशी जर्नलं परवडेनाशी झाली, यादीवर लाल रेघा ओढल्या, तिचं ते नियतकालिकही त्यात गेलं, सतरावा खंड शेवटचा. आणि वरून हुकूम आला की देशात कुठल्या ग्रंथालयात काय आहे त्याची एकच यादी करायची, म्हणजे एकाकडं नसलं तर दुसऱ्याकडून मागवता येईल. विचार चांगला होता. काचेची थंड खोली, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि त्यात मी एकटा. शेकडो कार्डं आणि आठ दिवस. शाईच्या खुणा सरळ होत्या, आहे म्हणून टाकायच्या. पेन्सिलीच्या खुणांचं काय करायचं, तर बाइंडिंगची वही घेऊन आमच्या बाइंडरकडं, ख्वाजामियांकडं, जायचं आणि गठ्ठे सोडून एकेक अंक ताडून बघायचा. मी गेलो नाही. जिथं पेन्सिल दिसली तिथं अप्राप्त टाकत गेलो. अप्राप्त म्हणजे अंक आलाच नाही. म्हणलं नंतर सवडीनं सुधारू. फ्लॉपी वेळेत गेली, मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि म्हणले, संगणकाचा नवा विभाग निघतोय, तो तुम्हीच बघायचा. मी लई खूश होतो हो.

सहा महिन्यांनी महानंदाचा प्रबंध परीक्षकाकडं गेला. बाहेरचा परीक्षक, कडक माणूस. त्यानं तो लेख शोधला, त्याला कुठं मिळाला नाही, यादी बघितली तर कुणाकडंच तो अंक नाही, आमच्याकडंही अप्राप्त. त्यानं लिहिलं की जो लेख देशात आलेला नाही त्यातले तक्ते उमेदवारानं कुठून आणले. चौकशी बसली. विद्यापीठानं ग्रंथालयाला विचारलं आणि पत्र माझ्या टेबलावर आलं.

मी खण ओढला, कार्ड काढलं. तिसऱ्या चौकोनात पेन्सिलीची खूण होती. माझीच.

आता बघा, तेव्हा काय करायचं होतं. उठायचं, साहेबांना सांगायचं की साहेब, घाई केली, यादी चुकली, अंक बाइंडरकडं आहे. एवढंच. पण एका अंकाचं सांगितलं की सगळ्यांचंच निघालं असतं, यादी परत आली असती, विभाग गेला असता. मी खोडरबर घेतला आणि ती खूण पुसली. चुकीला माफी असते म्हणतात, पण पुसणं ही चूक नव्हती, ते मी केलं. बाइंडिंगच्या वहीत अंक ख्वाजामियांकडं पाठवल्याची नोंद राहिली होती, पण कार्डच कोरं असल्यावर वही कोण मागतो, कुणी मागितली नाही.

चौकशीत पाच जण होते आणि ती समोर उभी. घाबरलेली नव्हती, कारण तिला वाटत होतं मी आहे. ती म्हणाली, अंक इथंच वाचला, सरांनी स्वतः दिला, तुम्ही सरांना विचारा. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, रेकॉर्डला नाही. दिला नाही असं मी म्हणालो नाही, नुसतं रेकॉर्डला नाही म्हणालो, आणि ह्या एका गोष्टीवर मी पुढं कित्येक वर्षं स्वतःची समजूत काढली. ती म्हणाली, सर, तुमीच म्हणले होते ना बोटीनं येतोय. कुणीतरी हसलं. मी खाली बघितलं.

प्रबंध नामंजूर झाला. पोरगी वडवणीला निघून गेली. आठ दिवसांनी तिचा बाप आला, धोतर, टोपी, कपाळाला भस्म, हातात बिस्किटाचा पुडा. टेबलाच्या त्या बाजूला उभाच राहिला, बसा म्हणलं तरी बसेना. म्हणाला, सायेब, पोरगी लबाड न्हाई हो, दुकानात बी कधी मापात मारलं न्हाई तिनं, तुमी एकदा नीट बगा की, कुटं तरी पडला आसंल. मी म्हणलं, बघतो. तो म्हणाला, लई उपकार होतील. पुडा ठेवून गेला.

त्याच्यानंतर दोन महिन्यांनी ख्वाजामियां गठ्ठे घेऊन आले, म्हणाले, देर हो गई साब, बच्ची की शादी थी, सब काम पड़ा रह गया. सतरावा खंड हिरव्या कापडात बांधलेला, पाठीवर सोनेरी अक्षरं. उघडला, तिसरा अंक, वर माझा शिक्का आणि तारीख. तेव्हासुद्धा उशीर झाला नव्हता, हे लिहा. बाप जिवंत होता, ती तिशीच्या आत होती. मी तो खंड कपाटाच्या तळाला ठेवला आणि कुलूप लावलं. पुढं निवृत्त झालो तेव्हा पिशवीत घालून घरी आणला, म्हणजे चोरीही झाली.

त्यानंतरचं कसं सांगू. मला विभाग मिळाला, सीडी आल्या, मग इंटरनेटवरची जर्नलं आली, त्यांना ना शिक्का ना बाइंडिंग, तपासणीला येणारे वाखाणायचे. पण दुपार झाली की दारातून आवाज यायचा, सर, अंक आला का. भास म्हणा, काही म्हणा. मान वर केली की दारात कुणी नाही, समोरचं टेबल रिकामं. आधी वाटलं, जाईल. गेला नाही. घरी आला, जेवताना यायला लागला. एकदा बायको म्हणाली, आवो, कुनाला आला आला म्हनताय, कुनीच हाक मारली न्हाई. मला कळलंच नव्हतं की मी बोललो. नंतर तिनं विचारणं सोडलं, ताटावर बसून माझ्याकडं नुसती बघायची. तिलाही सांगितलं नाही. ती गेली, आता घरात दुसरं बोलणारं कुणी नाही, त्यामुळं तो आवाज लई स्पष्ट येतो.

मागल्या पेरणीला आमच्या गल्लीतला एक जण वडवणीहून बियाणं घेऊन आला, म्हणाला तिथं दुकानावर एक बाई हाय, नुसती मुळी बगून सांगती कंचं तण हाय ते. मी नाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खंड पिशवीत घातला आणि एसटीत बसलो.

बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. केस पांढरे झालेत तिचे. मी कडेला उभा राहिलो, गर्दी सरल्यावर तिनं ओळखलं. मी खंड काढून फळीवर ठेवला. तिनं हात पुसले, पान काढलं, शोधावं लागलं नाही तिला, आणि तक्त्यावरून बोट फिरवत आकडे पुटपुटायला लागली, पानावर न बघता, बाहेर रस्त्याकडं बघत. शेवटपर्यंत म्हणली. मग पानावर बघितलं. म्हणाली, सर, मी वाचला होता की हो. मी म्हणलं, हो बाई. ती म्हणाली, इतकी वर्षं मलाच वाटायला लागलं होतं की मी तो अंक पाहिलाच न्हाई, मनानंच रचलं. डोक्याचे डॉक्टर केले मी त्याच्यापायी.

मी पाया पडायला वाकलो तर ती मागं सरकली. म्हणाली, ते नको, लिहून द्या. काय झालं ते सगळं, तुमच्या सहीनं. एक प्रत विद्यापीठाला पाठवा, एक मला. मी म्हणलं, आता पदवी मिळंल का. ती म्हणाली, पदवीचं कुणाला पडलंय. आण्णा गेले, पोरगीनं शिकून खोटं केलं हेच मनात घेऊन गेले. आई हाय अजून. तिला वाचून दाखवायचंय.

आता माझ्या हातानं लिहवत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसवलं. ती म्हातारी शाळेत गेलेली नाही, तेव्हा जड शब्द घालू नका, कार्ड काय, पेन्सिल काय, पुसलं म्हणजे काय, तिला समजंल असं लिहा. कुठं मला सांभाळून घेतलं असलं तर ते काढा. तिला ऐकू कमी येतं म्हणाली पोरगी, एकेक ओळ दोनदा वाचावी लागती. वाचू द्या दोनदा. मी वडवणीला जाणार आहे त्या दिवशी, आत बोलावलं तर आत, नाहीतर ओट्यावर बसंन.