ओढ्याकाठची पट्टी

आमच्या वडिलांना बांधावर गवताची काडी खपत नसे. म्हणूनच कृषी कार्यालयाच्या बाकावर शेजारच्या नवरा-बायकोचं गवतावरून बोलणं सुरू झालं, तसे माझे कान तिकडेच लागले.

"साहेबांना काय सांगणार आहात?"

"खरं तेच. ओढ्याकाठची पट्टी पाखरांसाठी पडीक ठेवून गवत वाढू द्यायचं, याचं अनुदान घेतो. तीन वर्षं वाढू दिलं."

"आणि तपासणीच्या आदल्या दिवशी?"

"साहेब येणार म्हणून थोडं कापलं."

"थोडं? अंगणासारखं लख्ख केलंत. फोटो काढताना साहेब हसत होते."

"मला वाटलं, खूश झाले."

"आता अनुदान बंद झालं तर?"

"तर पट्टी नांगरावी लागेल. तेवढी जमीन रिकामी ठेवणं परवडणार आहे का आपल्याला?"

"आणि गवतातली ती पाखरांची अंडी?"

"त्यांच्याभोवती हातभर गवत ठेवलंय मी. विळा लावलाच नाही."

"हे मला नाही सांगितलंत."

"चार दिवस तू बोलत कुठे होतीस?"

"मग आत गेल्यावर आधी तेच सांगा."

शिपायाने हाक मारली. नवरा उठला आणि केसांवरून हात फिरवू लागला.

"राहू द्या. आज तुम्ही काहीही नीटनेटकं करू नका."