पलंगाखालचं नेट

अरे, निरगुडसरला नवीन घर बांधताना मी हौसेनं म्हणालो, "प्रत्येक खोलीत भिंतीतूनच नेटची वायर घालू." राउटरची जागा ठरली माझ्या खोलीशेजारी. झालं, थोरला भाऊ तापला.

"कालव्याच्या तोंडाला तू आन् टेलला मी. माझ्यापर्यंत काय येणार?"

वडिलांनी पाण्याच्या भांडणासारखाच निवाडा दिला, "दोघांच्या वायरी सारख्याच लांब पायजेत!"

वायरमननं कपाळाला हात लावला. माझी जादा वायर वेटोळं करून पलंगाखाली ठेवली.

परवा लाईट गेली, नेट बंद. भाऊ तडक येऊन माझ्या पलंगाखाली वाकला. "तुझ्या वेटोळ्यात लई साठलं आसंल. आमाला सोड की थोडं!"

मी हसलो. वडील हसले नाहीत.

"सोड रे," म्हणाले, "भाऊच हाय तुझा."