पाच मिनिटं आधी यायला हवं होतंस!

...हसू नका हो! नऊ हिवाळे म्हणजे काय थट्टा वाटली? नऊ हिवाळे, दर गुरुवारी, पहाटे पाचला उठायचं, आमच्याकडे हिवाळा जूनपासून, त्यातली जुलैची ती हाडं गोठवणारी थंडी, पायात मोजे, त्यावर आणखी मोजे, त्यावर बूट... जे मग पायात शिरत नाहीत, ते वेगळंच... आणि पंधरा किलोमीटर गाडी हाणत तळ्याकाठच्या या निलगिरीच्या रानात यायचं, आणि इथे दिसतं काय? फांदी! रिकामी फांदी! तीही हलत असते, म्हणजे नुकताच कोणीतरी उडून गेलेला असतो, आणि खाली उभी असलेली डॉट लॅन्सेल दुर्बीण उतरवते, मान तिरकी करते आणि गुळात घोळलेल्या आवाजात म्हणते, "अगं बाई, क्लेम! पाच मिनिटं आधी यायला हवं होतंस!"

पाच मिनिटं आधी! अहो, मी पाच मिनिटं आधी गेलो तर तो दहा मिनिटं आधी गेलेला असतो! तुम्हाला सांगतो, एकदा मी हट्टाला पेटलो, सगळ्यांच्या आधी तासभर जाऊन बसलो. दात वाजतायत, नाक वाहतंय, पण हललो नाही. ही मंडळी आली, आणि आल्या आल्या डॉटनं बोट कुठे दाखवावं? माझ्या डोक्यावर! टोपीवर बसला होता हो माझ्या, लाल छातीचा रॉबिन! मी टोपी काढली, तोवर... हं, बरोबर ओळखलंत. हलणारी टोपी.

आता आमची चांडाळचौकडी. ही डॉट, चाळीस वर्षं पोस्टात होती. कान असे की अर्ध्या मैलावर चिमणीएवढा पक्षी शिंकला तरी हिला ऐकू येतो, पण "डॉट, एक स्कोन दे की" म्हणून तिनं भाजलेला गोड पाव मागितला की ठार बहिरी. दुसरा रिनो, टोमॅटोची शेती करतो. त्याच्या गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला तोफेएवढी लेन्स, आणि फोटो? प्रत्येक फोटोत धुकं. "बघ, बघ, क्लेम, हा गरुड!" अरे कुठला गरुड, ही तुझ्या मफलरची लोकर आहे! तिसरा मी, क्लेम ट्रेम्बाथ. आणि आमचे सगळ्यांचे बाप, हॉकिंग मास्तर. वय वर्षं चौऱ्याऐंशी. हे मला चौथीत शिकवायला होते. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी शेरा मारला होता, ‘लक्ष खिडकीबाहेर.’ अहो, जन्मभर खिडकीबाहेर बघून मला एक पक्षी दिसला नाही, मग मी बघत काय होतो?

तर हे मास्तर पक्ष्यांची हजेरी घेतात. खरंच! दुपारी गाडीचं मागचं फळकूट पाडायचं, थर्मास उघडायचा, डॉटचे स्कोन काढायचे, आणि मास्तर चष्मा चढवून ती जाडजूड वही उघडतात. "मॅगपाय!" आम्ही एका सुरात, "हजर!" "कुकाबरा!" "हजर!" "काळा हंस!" "हजर!" आणि जो पक्षी आमच्या रानात पूर्वी कधी दिसला नाही, तो दिसला तर त्याला वहीत स्वतंत्र ओळ. ‘प्रथम कोणी पाहिला’ असा रकाना, आणि त्यात नाव. शाईनं! नियम दोन. एक, साक्षीदार दोन हवेत, एकट्यानं पाहिलेलं चालत नाही. आणि दोन, लिहिलेलं खोडायचं नाही. मास्तर म्हणतात, "अडतीस वर्षांत मी एकाही पोराचा शेरा खोडलेला नाही!"

त्या वहीत डॉटचं नाव एकवीस वेळा. रिनोचं नाव तेरा वेळा, धुक्यासकट. रिनोच्या कुत्र्याचं नाव एकदा, तित्तर उठवला म्हणून! आणि माझं? शून्य. कुत्रा एक, ट्रेम्बाथ शून्य. बायको, नोला, हिला मी हे एकदा बोललो, तर म्हणते, "मग तू भुंकून बघ."

पण खरी गंमत पुढेच आहे. गेल्या ऑगस्टात वही संपत आली. एकच ओळ उरली, एक! आणि मास्तर म्हणाले, "आता नवी वही नको रे. डोळे साथ देत नाहीत. ही भरली की पुरे." असं म्हणाले आणि स्कोनला लोणी लावायला लागले. म्हणजे त्या ओळीत माझं नाव लागलं तर लागलं, नाहीतर मी वर जाणार तो कुत्र्याच्या खाली राहून!

आणि मास्तरांना एकच पक्षी बघायचा राहिलाय, चपळ पोपट. हा टास्मानियातून समुद्र ओलांडून हिवाळ्यात आमच्याकडे येतो, काळ्या सालीच्या निलगिरीचा मध चाखायला. लाल तोंड, हिरवी पाठ, लांबडी शेपूट. सगळीकडे येतो मेला, शेजारच्या तालुक्यात येतो, फक्त आमच्या रानात नाही. नऊ हिवाळे मास्तर आभाळाकडे बघून म्हणतायत, "येईल, येईल."

आता तुम्ही म्हणाल, क्लेम, तू काय केलंस? काय करणार? नोलानं त्याच्या आदल्या साली आमच्या गावच्या जत्रेतल्या विणकामाच्या स्पर्धेसाठी एक टीकोझी विणली होती, चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायची लोकरी टोपी. कशाच्या आकाराची? चपळ पोपटाच्या! चित्र मीच आणून दिलं होतं. दुसरा नंबर आला, परीक्षकबाई म्हणाली, पोपटासारखा वाटत नाही. तेव्हापासून नोलाच्या तोंडून त्या बाईचं नाव निघालं की घरातली मांजर बाहेर जाते.

बुधवारी दुपारी मी ती टीकोझी उचलली, शिडी घेतली, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर, फुललेल्या निलगिरीवर, पंधरा फूट उंच, तारेनं करकचून बांधली. आत जुनी वर्तमानपत्रं कोंबली. मनात म्हटलं, क्लेम, एवढंच पाप कर, मग आयुष्यात पुन्हा नाही!

एकच गोष्ट विसरलो. हिवाळ्याच्या शेवटच्या गुरुवारी बायकापोरांसकट जेवण असतं. सकाळी बघतो तर नोला डबा घेऊन गाडीत बसलेली! वर म्हणते, "टीकोझी सापडत नाहीये रे, चहा गार झाला." मी गाडीचा रेडिओ मोठा केला.

पोचलो. धुकं. मी असा सहज, शीळ घालत तळ्याकाठी गेलो, आणि मग छातीवर हात मारून, "मास्तर! पलीकडे! तो बघा!" अहो, काय सांगू, जी धांदल उडाली! रिनोची तोफ वर. डॉटची दुर्बीण वर. रिनो म्हणतो, "केवढा गुबगुबीत आहे हा!" मास्तर म्हणतात, "थंडीत पिसं फुगवतात, रिनो." डॉट म्हणते, "पंख उचललाय बघा, अंग साफ करतोय!" पंख कसला, ते किटलीच्या तोटीचं भोक होतं! मी म्हटलं, जवळ जाऊ या का? म्हणजे आपलं म्हणायचं म्हणून. तर मास्तर कडाडले, "खबरदार! बिचारा समुद्र ओलांडून दमून आलाय, बसू दे त्याला!" आणि तो बसला. हलतोय कशाला? दोन तास बसला!

मग हजेरी. मास्तरांनी पेन उघडलं. "चपळ पोपट. प्रथम कोणी पाहिला?" मी हात वर. "दुसरा साक्षीदार? लाल तोंड कोणी पाहिलं?" आणि कोणाचाच हात वर होईना! तारेला पीळ बसला होता हो, तोंड पलीकडे फिरलं होतं! डॉट म्हणते, "मी पाठच पाहिली, शपथेवर नाही सांगणार." रिनोच्या फोटोत काय? धुकं. मास्तरांचं पेन हवेत. मी घामाघूम, त्या थंडीत! आणि तेवढ्यात गाडीच्या मागून आवाज आला, "मी पाहिला."

नोला! हातात रिनोची जादा दुर्बीण. "मी काठाकाठानं लांब जाऊन आले. लाल तोंड. डोक्यावर निळा टिळा. शेपटीपाशी जरा उसवलाय." मास्तर म्हणाले, "झडतात, या दिवसांत पिसं झडतात." आणि लिहिलं. शाईनं. वळणदार अक्षरात माझं नाव. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "शाब्बास, ट्रेम्बाथ." चौथीपासून पहिल्यांदा! नाव लागलं, पण खरं सांगतो, त्या क्षणी त्या कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत नव्हती मला.

घरी निघालो. तेराव्या किलोमीटरला नोला म्हणते, "क्लेम." "हं?" "तीन-तीन जाणत्या माणसांनी दुर्बिणीतून बघून पोपट म्हणून पास केला." "हं." "त्या परीक्षकबाईला कळवायला हवं." मग खिडकीबाहेर बघत, "आणि उद्या सकाळी मला चहा गरम पाहिजे."

म्हणून शुक्रवारी उजाडताच परत शिडी. चढलो. तारेला हात घातला, आणि कानाशी, किक्‌-किक्‌-किक्‌! मान वळवली तर... आईशप्पथ सांगतो... हिरवंगार काहीतरी बाणासारखं आलं आणि टीकोझीच्या शेजारी बसलं. मग दुसरं. मग तिसरं. अकरा! मोजले मी, अकरा खरेखुरे चपळ पोपट, माझ्या नाकापासून हातभर! एक तर टीकोझीच्या तोटीच्या भोकात डोकं घालून बघत होता, आत कोण आहे म्हणून! मी शिडीवर, श्वास रोखलेला, आणि डोळ्यांतून पाणी. सांगायला लाज कसली? नऊ हिवाळ्यांचं पाणी होतं ते. हळूच फोन काढला, कुजबुजलो, "मास्तर, या! सगळ्यांना घेऊन, जसे असाल तसे या! अकरा आहेत!"

पंधरा मिनिटं बसले हो ते, मध चाखत. पंधरा मिनिटं! आणि मग कुकाबऱ्याला, त्या माणसासारखं खदाखदा ओरडणाऱ्या पक्ष्याला, हसायची हुक्की आली. तो हसला, आणि झप्प! अकराच्या अकरा गुल! मग माझ्या डोक्यात उजेड पडला, मंडळी निघालीत आणि टीकोझी अजून झाडावर! ओढतोय, तार सुटेना, बोटं बधिर, दातानं ओढतोय, सुटली एकदाची, आणि पाच मिनिटांत गाडी हजर. मास्तर कोटाखाली झोपायचा पायजमा घालून, डॉट, रिनो, सगळे वर बघतायत. मी शिडीवर, दातात तार, उजवा हात मनगटापर्यंत पोपटात. मास्तर म्हणाले, "कुठेत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं हो...

"पाच मिनिटं आधी यायला हवं होतंत!"

मी उतरलो. मास्तरांनी टीकोझी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आतून वर्तमानपत्र काढलं, तारीख वाचली, म्हणाले, "वीण घट्ट आहे." मी सगळं कबूल केलं, कुत्र्यासकट. पण म्हटलं, ते अकरा खरे होते, मास्तर! त्यांनी वही काढली. "दुसरा साक्षीदार?" मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझ्याखेरीज त्यांना बघणारं तिथे एकच होतं, आणि ते मास्तरांच्या हातात होतं.

खोडायचं तर नाही, नियम म्हणजे नियम. मास्तरांनी माझ्या नावापुढे कंस केला आणि आत लिहिलं, ‘लोकर’. वही संपली. मग गाडीत बसता बसता थांबले, हळूच म्हणाले, "ओरडत कसे होते रे?" मी केलं तसं, किक्‌-किक्‌-किक्‌. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं. तर गाडीच्या पलीकडून डॉट किंचाळली, "ऐकलंत? चपळ पोपट! मी साक्षीदार!" "डॉट," मास्तर म्हणाले, "तो क्लेम आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "अकरा म्हणालास ना? तर पुढच्या हिवाळ्यात परत येतील. नवी वही आणायला हवी."

आणली. पुढच्या हिवाळ्यात, जूनच्या पहिल्या गुरुवारी, उघडली. आता किटलीवरची ती टीकोझी आमच्या थर्मासवर असते, नोलानं शेपटी शिवून दिली. दर गुरुवारी मास्तर हजेरी घेतात, "मॅगपाय!" "हजर!" "कुकाबरा!" "हजर!" "ट्रेम्बाथचा पोपट!" आणि सगळे घसा फाडून, "हजर!" कुत्रासुद्धा भुंकतो. म्हणजे बघा, माझा खोटा पोपट सगळ्या गावानं पाहिला, आणि खरे अकरा फक्त मी.

तुमचा विश्वास बसत नाही ना? तुम्हालाही दाखवले असते हो. अगदी इथेच, या समोरच्या फांदीवर... पण काय करणार, तुम्हीही पाच मिनिटं आधी यायला हवं होतंत!